गाठीइतकंच उरलेल्या लिव्हरचंही विचारा

आमच्या भागात कुणाला कॅन्सर निघाला की बघायला येणारा माणूस चपला काढता काढता विचारतो, "कितव्या ष्टेजला हाय?" नानांच्या आजारपणात हा प्रश्न आईने, भावाने आणि मी रोज ऐकला. विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण लिव्हरच्या कॅन्सरमध्ये नुसत्या स्टेजवरून कुणालाच काही ठरवता येत नाही. नानांच्या फायली घेऊन फिरताना हे मला हळूहळू कळत गेलं, आणि ते आधी माहीत असतं तर डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं हे पहिल्या दिवसापासून सुचलं असतं. म्हणून हे लिहिते आहे.

मी अहमदपूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नाना म्हणजे माझे वडील. वय ६२, सोयाबीन आणि तूर करणारे शेतकरी, गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी. आयुष्यात दारूचा थेंब नाही. ते मुद्दाम सांगते, कारण 'लिव्हर' म्हटलं की आपल्याकडे माणसांच्या डोळ्यांसमोर आधी बाटली येते. "माळकऱ्याला कामून व्हावं हे?" असं लोक आईला तोंडावर विचारायचे आणि पाठीमागे काय बोलत असतील ते तिला बरोबर कळायचं. तिला आजाराइतकाच त्याचाही त्रास झाला.

नानांना होती हिपॅटायटीस बीची लागण, तीही कित्येक वर्षांपासून. कधी आणि कशी झाली हे आता कुणी सांगू शकत नाही. जन्माच्या वेळी आईकडून होऊ शकते, लहानपणी होऊ शकते, जुन्या काळी एकच सुई दहा जणांना टोचायचे त्यातून होऊ शकते. लहान वयात हा विषाणू अंगात शिरला तर बहुतेक वेळा तो जन्मभर मुक्काम करतो. माणूस शेतात राबतो, पोरांची लग्नं करतो, त्याला काहीच जाणवत नाही, आणि आत लिव्हर कडक होत जातं. त्यालाच सिरोसिस म्हणतात. बी विषाणूने होतो, सी विषाणूने होतो, दारूने होतो, आणि हल्ली वजन-शुगर वाढलेल्यांच्या फॅटी लिव्हरमुळेही पुष्कळ होतो. बुरशी लागलेल्या शेंगा आणि मक्यातलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विषही लिव्हरच्या कॅन्सरला कारणीभूत ठरतं, आणि बी विषाणू असलेल्या माणसाला त्याचा धोका कितीतरी जास्त. आमच्याकडे आता पाऊस लागलेल्या, काळ्या पडलेल्या शेंगा आई कुणालाच खाऊ देत नाही.

मुद्दा असा की लिव्हरचा कॅन्सर बहुतेक वेळा आधीच आजारी असलेल्या लिव्हरमध्ये उगवतो. म्हणजे रुग्णाच्या अंगात आजार दोन असतात. एक गाठ, दुसरा सिरोसिस. गाठीवर जो इलाज करायचा तो उरलेल्या लिव्हरला सोसला पाहिजे. ते सोसत नसेल तर गाठ मरते आणि माणूस लिव्हर बंद पडून जातो. सगळे उपाय या एका वाक्याभोवती फिरतात.

नानांच्या पायाला सूज येऊ लागली, जेवण कमी झालं, पोट फुगल्यासारखं वाटायला लागलं. आत्या म्हणाली, "कावीळ असल, उतरवून आणू." डोळे पिवळे नव्हते. तरी एका गावचा जाणता, झाडपाल्याची मात्रा, सगळं ठरलं होतं. भाऊ अडून बसला आणि लातूरला सोनोग्राफीला घेऊन गेला. झाडपाल्याबद्दल मी इथे स्पष्टच बोलते: पोटात गेलेलं जवळजवळ प्रत्येक औषध लिव्हरमधूनच जातं. आधीच थकलेल्या लिव्हरवर कसलाही काढा, कसलंही भस्म घालणं धोक्याचं आहे. श्रद्धेचा प्रश्न वेगळा, पण यात मी कुणाची भीड ठेवत नाही.

रिपोर्टवर लिहिलं होतं 'एसओएल'. म्हणजे तिथे काहीतरी जागा व्यापून बसलंय, एवढंच. मग ट्रायफेजिक सीटी झाला. यात फोटोत उठून दिसणारं औषध शिरेतून सोडतात आणि वेगवेगळ्या वेळी फोटो काढतात. लिव्हरच्या कॅन्सरची गाठ पहिल्या टप्प्यात भरभर उजळते आणि नंतरच्या टप्प्यात आजूबाजूच्या लिव्हरपेक्षा काळपट दिसते. सिरोसिस असलेल्या माणसात हे चित्र अगदी नमुनेदार असेल तर तुकडा काढून तपासायची गरज बहुधा पडत नाही. "बायप्सी न करता कॅन्सर कसा म्हणता?" असं मामा डॉक्टरांना म्हणाले होते, त्याचं उत्तर हे. रक्तातला एएफपी, म्हणजे या कॅन्सरमध्ये पुष्कळदा वाढणारं एक प्रथिन, तोही वाढलेला होता. तो सगळ्यांचा वाढतोच असं नाही, त्यामुळे तो नॉर्मल आला म्हणून कुणी निर्धास्त राहू नये.

नानांची गाठ एकच होती, उजव्या भागात, ४.२ सेंटिमीटरची. प्लीहा वाढलेली, प्लेटलेट्स ७८ हजार, पोटात थोडं पाणी.

मग आम्ही मुंबईला टाटाला गेलो. लातूर एक्सप्रेसने रात्री निघायचं, सकाळी उतरायचं, दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत पथारी टाकायची आणि परळ गाठायचं, हे आमच्या भागातल्या किती घरांना पाठ झालंय. एक गोष्ट कामाची म्हणून सांगते. कॅन्सरच्या रुग्णाला उपचाराला जाता-येताना रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाकडून विहित नमुन्यातला दाखला भरून घ्यावा लागतो. आम्हाला तो शेजारी बसलेल्या जालन्याच्या एका बाईंनी सांगितला.

तिथल्या डॉक्टरांनी केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिव्हरचं चित्र काढलं. आठ भाग पाडले. गाठ कुठे आहे तिथे पेनने गोल केला. मग तो गोल सोडून बाकीच्या सगळ्या चित्रावर बारीक रेघा मारल्या आणि म्हणाले, "हे जे रेघांचं आहे ना, आपल्याला आधी याचा विचार करायचाय." तो कागद अजून फायलीत आहे.

त्या रेघांच्या भागाला मार्क देण्याची एक पद्धत आहे, चाइल्ड-प्यू. मी शिक्षिका, मला ती लगेच भावली. पाच विषय: बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते), अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते रक्तातलं प्रथिन), आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप), पोटातलं पाणी, आणि भान किंवा गोंधळलेपणा. प्रत्येकाला एक ते तीन गुण, आणि इथे कमी गुण चांगले. ५ किंवा ६ म्हणजे 'ए', ७ ते ९ 'बी', १० ते १५ 'सी'. नानांचं बिलिरुबिन १.६ म्हणून एक, अल्ब्युमिन ३.१ म्हणून दोन, आयएनआर १.४ म्हणून एक, थोडं पाणी म्हणून दोन, भान शाबूत म्हणून एक. बेरीज ७. म्हणजे बी, पण ए-च्या उंबऱ्यावर. ही बेरीज प्रत्येक घरात एका माणसाला तरी करता यावी असं मला मनापासून वाटतं. एकदा ती आली की डॉक्टर 'हे नको, ते करू' का म्हणतात ते समजायला लागतं.

बार्सिलोनाची म्हणून एक पद्धत जगभर वापरतात, बीसीएलसी. तिच्यात गाठीचा आकार, गाठींची संख्या, रक्तवाहिनीत शिरलीय का, लिव्हर किती चालतंय आणि रुग्ण स्वतःचं स्वतः किती करू शकतो, हे सगळं एकत्र धरून पायरी ठरते. गाठ लहान पण लिव्हर पार गेलेलं, असा माणूस खालच्या पायरीवर जाऊ शकतो. शेजारपाजारच्या 'ष्टेज'मध्ये हे बसत नाही.

आता नानांच्या बाबतीत एकेक दार कसं उघडलं आणि मिटलं ते सांगते.

पहिलं ऑपरेशन. गाठ कापून काढणं. लिव्हर हा परत वाढणारा अवयव आहे, त्यामुळे निरोगी लिव्हरचा मोठा भाग काढला तरी माणूस तगतो. सिरोसिसचं लिव्हर तसं वाढत नाही, म्हणून तिथे मागे बराच जास्त भाग राहील हे आधी मोजून बघतात. नानांची वाढलेली प्लीहा आणि उतरलेल्या प्लेटलेट्स सांगत होत्या की पोर्टल शिरेतला, म्हणजे आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणाऱ्या शिरेतला, दाब वाढलाय. अशा पोटावर मोठं ऑपरेशन म्हणजे नंतर पाणी, कावीळ, रक्तस्राव. नको म्हणाले. आणि ज्यांचं ऑपरेशन होतं त्यांनाही सुटलो असं समजता येत नाही, पाच वर्षांत जवळपास ७० टक्के लोकांमध्ये गाठ परत दिसते, कारण जमीन तीच राहते. ऑपरेशन झालेल्यांनी दर काही महिन्यांची तपासणी चुकवायची नाही ती यामुळे.

दुसरं, गाठ जाळणं. सोनोग्राफीत बघत पोटावरून सुई गाठीत घालतात आणि आरएफए किंवा मायक्रोवेव्हच्या उष्णतेने ती जागच्या जागी मारतात. ३ सेंटिमीटरच्या आतल्या गाठीला हा फार उत्तम उपाय, कित्येकदा ऑपरेशनच्या तोडीचा. नानांची गाठ मोठी, शिवाय एका मोठ्या शिरेला खेटून होती. वाहतं रक्त उष्णता ओढून नेतं आणि शिरेलगतच्या पेशी जिवंत राहतात. तेही राहिलं.

तिसरं, लिव्हर ट्रान्सप्लांट. यावर आमच्या घरात सगळ्यात जास्त बोलणं झालं, आणि मला वाटतं त्यावर थोडं सविस्तरच लिहावं. ट्रान्सप्लांटमध्ये गाठही जाते आणि आजारी लिव्हरही जातं, दोन्ही आजार एकदम. इटलीतल्या मिलानच्या डॉक्टरांनी १९९६ साली दाखवून दिलं की एकच गाठ ५ सेंटिमीटरपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन गाठी आणि त्यातली प्रत्येक ३ सेंटिमीटरपर्यंत, आणि रक्तवाहिनीत शिरकाव नाही, अशा रुग्णांमध्ये ट्रान्सप्लांटनंतर चार वर्षांनी ७५ टक्के लोक हयात होते. नाना या मापात बसत होते. "मापात बसतात" हे ऐकलं तेव्हा आम्ही ओपीडीच्या बाहेर येऊन रडलो, आनंदाने.

पण लिव्हर द्यायचं कुणी? भावाने लगेच हात वर केला. तपासणीत त्यालाच हिपॅटायटीस बी निघाला. माझा रक्तगट बी, नानांचा ओ. ओ गटाच्या माणसाला ओ गटाचंच लिव्हर साधं चालतं. आईचं वय बसेना. मेंदूमृत दात्याच्या लिव्हरसाठी प्रतीक्षायादी असते, आपल्या मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगरला विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती आहे. पण यादीत नाव ट्रान्सप्लांटची मान्यता असलेल्या रुग्णालयामार्फत लागतं, आणि खर्चाचा जो आकडा आम्हाला सांगितला तो वीस लाखांच्या वर होता, पुढची जन्मभराची औषधं वेगळी.

मामा म्हणाले विहिरीजवळचं रान काढू. भाऊ तयार होता. नाना इतका वेळ भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "लिव्हर कवा मिळल ते पांडुरंगाला ठावं. रान मात्र उद्याच जाईल." त्यावर कुणाला बोलता आलं नाही. मी अजूनही त्यांच्या निर्णयाला बरोबर की चूक असं ठरवू शकत नाही आणि ठरवायचा माझा अधिकारही नाही. माणूस शुद्धीत असेल, समजून घेत असेल, तर त्याच्या शरीराबद्दलचा शेवटचा शब्द त्याचा. आपल्याकडे रुग्णाला बाहेर बसवून पोरं आणि जावई सगळं ठरवतात. कृपा करून तसं करू नका.

एक मात्र म्हणते. आपल्याकडे लिव्हर देणाऱ्यांमध्ये बायको, आई, मुलगी, बहीण यांचं प्रमाण जास्त आणि घेणाऱ्यांमध्ये पुरुषांचं. द्यायला मी आनंदाने तयार होते, पण द्यायची वेळ आली की घराने बाईकडेच बघायचं हेही मला त्या दिवसांत दिसलं. मेंदूमृत रुग्णाच्या नातेवाइकांनी अवयवदानाला होकार दिला तर एका लिव्हरने एका घरावरचा हा सगळा भार उतरतो. आमच्या तालुक्यात यावर कुणी बोलत नाही. मी शाळेच्या पालकसभेत बोलायला सुरुवात केली आहे.

राहिला तो उपाय ज्याला डॉक्टर 'टेस' म्हणतात. लिव्हरला रक्त दोन वाटांनी येतं. जवळपास तीन चतुर्थांश पोर्टल शिरेतून आणि बाकीचं धमनीतून. गाठ मात्र जवळजवळ सगळं धमनीच्या रक्तावर पोसते. म्हणून जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून ती थेट गाठीच्या धमनीपर्यंत नेतात, तिथे किमोचं औषध सोडतात आणि मागून ती वाट बुजवून टाकतात. गाठ उपाशी मरते, बाकीचं लिव्हर पोर्टल शिरेवर जगतं. नानांना हे मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजी त्या सरीचं दारं मोडून टाकायचं. पाणी दुसऱ्या पाटानं चालू." जन्मभर दारं धरलेल्या माणसाला इतकं नेमकं कळलं की मला पुढे काही समजावून सांगावं लागलं नाही.

टेसला लिव्हरमध्ये थोडी ताकद लागते. म्हणून आधी बी विषाणूची गोळी, टेनोफोविर, सुरू झाली. पाणी उतरायची औषधं, मीठ बंद. पाणी गेलं आणि बेरीज ६ वर आली. चाइल्ड ए. त्या रिपोर्टचा आनंद आम्हाला कुठल्या निकालासारखा झाला होता. विषाणूची ती साधी गोळी कॅन्सरचं औषध नाही, म्हणून पुष्कळ लोक तिला किरकोळ समजतात. तिच्यामुळे नानांना पुढचे सगळे उपाय घेता आले.

टेसनंतर तीन-चार दिवस ताप, पोटात उजवीकडे दुखणं, मळमळ. हे होतंच, आणि ते आधी सांगितलेलं असलं की घर घाबरत नाही. महिनाभराने सीटी झाला, गाठीचा बराच भाग मेलेला. काही महिन्यांनी कडेला जिवंत भाग दिसला म्हणून पुन्हा एकदा टेस केली. काही ठिकाणी धमनीतून किरणोत्सर्गी यट्रियमचे बारीक मणी सोडतात, त्याला टेअर म्हणतात. ते फार महाग. काहींना बाहेरून नेमके मोजके डोस देणारं रेडिएशन, एसबीआरटी, उपयोगी पडतं. आमच्या डॉक्टरांनी दोन्हींचा विचार करून टेसच निवडली.

त्यानंतरच्या एका सीटीत गाठीने पोर्टल शिरेच्या एका फांदीत डोकं घातलेलं दिसलं. तिथून पुढे उपाय अंगभर जाणाऱ्या औषधांचे. साधी किमो या कॅन्सरला फारशी दाद देत नाही. कित्येक वर्षं काहीच नव्हतं. मग २००७-०८ च्या सुमारास सोराफेनिब ही गोळी आली. मोठ्या चाचणीत ती घेणाऱ्यांचं मध्यक आयुष्य ७.९ महिन्यांवरून १०.७ महिन्यांवर गेलं. आपल्याकडे तिची किंमत महिन्याला २ लाख ८० हजार रुपयांच्या आसपास होती. मार्च २०१२ मध्ये भारताच्या पेटंट नियंत्रकांनी देशातला पहिला सक्तीचा परवाना (पेटंट दुसऱ्याकडे असतानाही औषध बनवायची मुभा) दिला आणि हैदराबादच्या नॅटको कंपनीला हीच गोळी महिन्याला ८,८८० रुपयांच्या आत विकायला लावली. मूळ पेटंटवाली बायर कंपनी कोर्टात गेली, परवाना टिकला. आज आमच्यासारख्या घरात या आजारावर काही औषध पोचतं त्यामागे तो निर्णय आहे, आणि मला त्याबद्दल कृतज्ञता वाटते.

२०२० पासून इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच कॅन्सरवर सोडणारे उपचार, पुढे आली. अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब ही दोन इंजेक्शनं दर तीन आठवड्यांनी. चाचणीत मध्यक आयुष्य १९.२ महिने, सोराफेनिबचं १३.४. काही लोकांमध्ये फार सुंदर परिणाम दिसतात. पण बेव्हासिझुमॅबने रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून आधी एन्डोस्कोपी करून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघतात. नानांच्या शिरा मोठ्या निघाल्या, त्या रबराच्या कड्यांनी बांधाव्या लागल्या, त्याला बँडिंग म्हणतात. ते कॉम्बिनेशन त्यांच्यासाठी धोक्याचं ठरलं. बेव्हासिझुमॅब नसलेली दुसरी जोडी आहे, डुरव्हालुमॅब आणि ट्रेमेलिमुमॅब. तिचा खर्च आमच्या आवाक्याबाहेर. शेवटी लेन्व्हाटिनिब ठरली. ही गोळी सोराफेनिबच्या बरोबरीची आहे हे चाचणीत दिसलंय, आणि भारतीय कंपन्यांची परवडणारी मिळते.

या आकड्यांबद्दल दोन गोष्टी. मध्यक म्हणजे निम्मे लोक त्यापेक्षा जास्त जगले. ती तारीख म्हणून कुणाच्या कपाळावर लिहू नये. आणि या चाचण्यांत घेतलेले रुग्ण जवळजवळ सगळे चाइल्ड ए होते. म्हणजे औषधाचा फायदा सांगणारे आकडेसुद्धा उरलेलं लिव्हर चांगलं असणाऱ्यांचे आहेत. इंटरनेटवर बघून 'आम्हालाही ते इंजेक्शन द्या' म्हणताना आपली बेरीज किती ते आधी बघावं.

लेन्व्हाटिनिबचा डोस वजनावर. ६० किलोच्या खाली ८ मिलिग्रॅम, त्यावर १२. नाना ५४ किलोचे, म्हणून ४ च्या दोन कॅप्सूल रोज सकाळी. बीपी वाढतं, त्यामुळे देवळीत आता बीपीचं मशीन असतं आणि शेजारी माझी एक जुनी चौकटीची वही. आई सकाळी पूजा झाली की नानांच्या दंडाला पट्टा बांधते आणि आकडे लिहिते. ती तिसरीपर्यंत शिकलेली. सुरुवातीला वरचा आणि खालचा आकडा एकाखाली एक लिहायची, आता तिरकी रेघ मारून लिहिते. १४० च्या पुढे गेलं की मला फोन. तळपाय लाल होऊन दुखतात म्हणून रोज रात्री युरियाचं मलम, आणि जाड सॉक्स. अनवाणी रानात जायचं बंद. मध्यंतरी जुलाब फार झाले तेव्हा डॉक्टरांनी काही दिवस थांबवून एकच कॅप्सूल दिली. मनाने डोस कमी-जास्त करू नये, पण त्रास लपवूही नये. नाना लपवायचे. "गोळी बंद करतील" ही भीती. डोस कमी केला म्हणजे उपचार संपला असं होत नाही हे त्यांना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवलं तेव्हा पटलं.

जेवणाचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. लिव्हर बिघडलं की आपल्याकडे डाळ बंद, अंडी बंद, उसाचा रस आणि उकडलेलं, असं सुरू होतं. सिरोसिसच्या माणसाचे स्नायू आधीच झिजत असतात. त्याला प्रथिनं जास्त लागतात, किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम. नाना अंडं खात नाहीत. मग मुगाचं वरण, दूध, पनीर, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे निवडून. रात्रभर पोट रिकामं राहू नये म्हणून झोपताना दूध-भाकरीचा काला. मीठ मात्र अगदी कमी; येसर आमटी आणि ठेच्यावर वाढलेल्या माणसासाठी हीच खरी शिक्षा. आई लिंबू, जिरं, लसूण घालून तोंडाला चव आणते. आणि अंग दुखतंय म्हणून मेडिकलमधून पेनकिलर आणायची नाही, ती लिव्हरच्या रुग्णाची किडनी निकामी करू शकते आणि रक्तस्रावही करू शकते. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात चालते. सलग दोन दिवस शौचाला झालं नाही, बोलण्यात गोंधळ आला, रात्री जाग आणि दिवसा झोप असं उलटं झालं, तर उशीर न करता दवाखाना.

शेजारच्या गावातल्या एका काकांची बेरीज पहिल्यांदाच बाराच्या पुढे निघाली. त्यांच्या घरच्यांनी डॉक्टरांशी नीट बोलून गाठीवरचे उपाय घेतलेच नाहीत. पोटातलं पाणी काढणं, दुखण्याला मॉर्फिन, घरात माणसं. ते घरीच गेले, वेदना नसताना. लोकांनी पोरांना नावं ठेवली, "इलाजच केला नाही." तोही इलाजच होता, आणि तो देण्यासाठी फार धीर लागतो.

पैशांचं थोडक्यात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण कुठला उपचार कुठल्या रुग्णालयात बसतो हे सारखं नसतं. भरती व्हायच्या आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) फाइल दाखवायची, रेशनकार्ड आणि आधार सोबत. नाव दोन्हींवर एकसारखं आहे का ते घरीच बघून निघा. दर वेळी मुंबई गाठायची गरज नसते. योजना मोठ्या ठिकाणी ठरवून घ्यायची आणि रक्ततपासण्या, गोळ्या, सीटी जवळ करायचे, हे आम्ही डॉक्टरांना विचारूनच केलं. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त, लातूर-नांदेडची वैद्यकीय महाविद्यालयं. कुठे काय होतं ते आधी फोन करून विचारलं तर एक चक्कर वाचते.

नानांची गाठ सध्या आहे तिथे आहे. वाढलेली नाही, गेलेलीही नाही. तुरीच्या खळ्यावर ते खुर्ची टाकून बसले होते.

भावाचं सांगायचं राहिलं. त्याचा बी विषाणू नानांमुळेच सापडला. बी पॉझिटिव्ह निघालेल्या सगळ्यांना गोळी लागते असं नाही. विषाणूचं रक्तातलं प्रमाण, लिव्हरची सूज, सिरोसिस आहे का हे बघून ठरवतात. त्याला लागली. २८ जुलै २०१८ पासून देशात विषाणूजन्य कावीळ नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे, त्यात बी आणि सी दोन्हींची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात. सी असेल तर बहुतेकांचा तीन महिन्यांच्या गोळ्यांत पूर्ण बरा होतो. बी आयुष्यभर सांभाळावा लागतो. वहिनीची तपासणी निगेटिव्ह आली, तिला लसीचे तीन डोस दिले. माझेही झाले. एका ताटात जेवल्याने, एका घरात राहिल्याने तो पसरत नाही. रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून मुलाला होतो. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत बीची लस द्यायची असते, आणि आई पॉझिटिव्ह असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही. आमच्या गावात कुणी बाळंतपणाला माहेरी आली की आई आता तिला हे विचारते.

भावाला दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी. गाठ उगवलीच तर ती ३ सेंटिमीटरच्या आत सापडावी यासाठी. पुढच्या महिन्यात नानांचा सीटी आणि त्याची सोनोग्राफी लातूरला एकाच दिवशी ठेवली आहे. चुलत्यांच्या दोन्ही पोरांनाही रक्त तपासायला सोबत घेतोय. एकजण अजून नाही म्हणतोय, नाना स्वतः त्याच्याशी बोलणार आहेत.